घरचा जमाखर्च आणि कर्जाची फेड

कर्ज काढणे हे पाप नव्हे. परंतु काढलेले कर्ज घरच्यांपासून लपविणे फार महागात पडते. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांत ज्याच्या पगारावर एखादा हप्ता नाही असा नोकरदार विरळाच. जागेच्या कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मासिक आकार, मुलांची फी आणि लोकलचा पास एवढे वजा जाता महिनाअखेरीस हात आखडतो, आणि मग खिशातील क्रेडिट कार्ड बाहेर येते.

समजा, घाटकोपरच्या एका गृहस्थाच्या कार्डावर 60,000 रुपये थकले आहेत. अनेक कार्डांवर थकबाकीला दरमहा साडेतीन टक्के व्याज पडते आणि त्या व्याजावर 18 टक्के कर. म्हणजे पहिल्याच महिन्यात 2,100 रुपये व्याज व 378 रुपये कर झाला. गृहस्थाने 3,000 रुपये भरले, तरी मुद्दल उतरले अवघे 522 रुपयांनी! एका पैचीही नवी खरेदी न करता तो दरमहा तेवढेच भरीत गेला, तर फेडीला सुमारे 44 महिने लागतील व जवळजवळ 1,30,000 रुपये हातचे जातील. तीच रक्कम कचेरीतील नोकरांच्या सहकारी पतपेढीकडून दरसाल दरशेकडा 12 दराने मिळाली, तर त्याच हप्त्याने कर्ज 23 महिन्यांत फिटते आणि एकूण भरणा 68,000 रुपयांच्या आत राहतो.

मग गृहस्थ पतपेढीची पायरी का चढत नाही? तेथे जामीनदार लागतात. सहकाऱ्यांपाशी अडचण बोलावी लागते. घरी पत्नीलाही सांगावे लागते. तो संकोचतो, आणि त्या संकोचाची किंमत साठ हजारांहून अधिक होते! एके दिवशी थकबाकीचा कागद पत्नीच्या हाती पडतो आणि ती म्हणते, "अहो, हे मला आधी का नाही सांगितलंत?" तिच्या नावावर बँकेत 40,000 रुपयांची मुदत ठेव असते, तिला सालाकाठी सहा-सात टक्के व्याज मिळते, आणि त्याच घरातून महिन्याला साडेतीन टक्के बाहेर जातात. दोघांचे हिशेब एका पानावर आले असते, तर हा अव्यवहार कोणाच्याही ध्यानी आला असता.

उघड्या हिशेबाचे हे महत्त्व महाराष्ट्राने पूर्वीच ओळखले आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि दख्खनच्या अनेक गावांत सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर 1879 साली झालेल्या कायद्याने शेतकरी ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. पुढे 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला. आपले देणे नेमके किती, हे कळणे ही ऋणमुक्तीची पहिली पायरी होय.

तेव्हा श्रोतेहो, येत्या रविवारी घरातील कर्त्या माणसांनी एकत्र बसावे. कोणाचे देणे, किती, व्याजाचा दर काय आणि हप्ता केवढा, अशी चार घरे वहीत आखावीत. वाण्याची उधारीही त्यात सुटू नये. अडीअडचणीपुरती थोडी शिल्लक राखून, सर्व हप्ते वेळेवर भरावेत आणि उरलेला पैसा सर्वांत चढ्या व्याजाच्या देण्याकडे वळवावा. ते फिटले की त्याचा हप्ता पुढच्या देण्याला जोडावा. जागेचे कर्ज बहुधा सर्वांत स्वस्त असते. त्याची पाळी शेवटी यावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करणाऱ्या व्यक्तीकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 सालीच मनाई केली आहे, हेही ध्यानात असावे. विनापरवाना सावकाराच्या दारी मात्र जाऊ नये. 2014 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तशी सावकारी गुन्हा ठरविली आहे.

वहीतील पहिले पान लिहिताना हात जड होतो खरा. परंतु ते पान दोघांनी मिळून वाचले, म्हणजे त्या रात्री घरात कित्येक महिन्यांनी स्वस्थ झोप लागते.