डिझेल इंजिनांच्या पिढ्या

आगगाडीच्या इंजिनालाहि वंशावळ असते, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटेल. घोड्यांची असते, हापूसच्या कलमांची असते, घराण्यांची तर असतेच. परंतु फलाटाला लागून घरघरत उभ्या असलेल्या त्या लोखंडी धुडाच्या बाप-आजाची कोणी चौकशी करीत असेल, असें सहसा मनांत येत नाहीं. अशी चौकशी करणारे लोक आहेत. अमेरिकेंत तर त्यांचा एक समाजच आहे. सुटीच्या दिवशीं वही आणि कॅमेरा घेऊन हे शौकीन रुळांच्या कडेला जाऊन उभे राहतात, आणि वळणावर इंजिनाचें नाक दिसलें न दिसलें तोंच, "हें पहिल्या पिढीचें", "हें दुसऱ्या पिढीचें" असा निवाडा देऊन मोकळे होतात. हा निवाडा कशाच्या आधारें होतो आणि त्यांत वाद कोठें उपस्थित होतात, तें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

प्रथमदर्शनीं वाटतें कीं ही मोजणी वयाची असावी. तशी ती नाहीं. १९५९ सालीं जनरल मोटर्सच्या कारखान्यांतून जी-पी-९ नांवाचीं इंजिनें बाहेर पडत होतीं. त्याच सालीं जनरल इलेक्ट्रिकनें आपल्या यू-२५-बी या इंजिनाचे पहिले नमुने रुळांवर आणले. वर्ष एकच, परंतु शौकिनांच्या वहींत जी-पी-९ पहिल्या पिढींत आणि यू-२५-बी दुसऱ्या पिढींत. बरें, ही मोजणी शक्तीची म्हणावी, तर तेंहि जुळत नाहीं. फेअरबँक्स-मोर्स कंपनीचें 'ट्रेन मास्टर' हें इंजिन १९५३ सालचें, २,४०० अश्वशक्तीचें. तें पहिल्या पिढीचें. आणि १९६१ सालचें जी-पी-३० हें २,२५० अश्वशक्तीचेंच असून दुसऱ्या पिढीचें!

खरी खूण निराळीच आहे. कोण केव्हां जन्मला हें येथें पाहावयाचें नसतें. कोणीं कोणाला घरीं बसविलें, हें पाहावयाचें असतें. ज्यानें वाफेच्या इंजिनाची जागा घेतली तें पहिल्या पिढीचें, आणि ज्यानें या पहिल्या डिझेलचीच जागा घेतली तें दुसऱ्या पिढीचें.

पुढें जाण्यापूर्वीं या यंत्राच्या पोटांत काय असतें तें थोडक्यांत सांगतों. मोटारगाडीप्रमाणें येथें दांत्यांच्या चक्रांची माळ चाकांपर्यंत गेलेली असते, अशी पुष्कळांची समजूत असते. रेल्वेच्या मोठ्या इंजिनांत बहुधा तसें नसतें. तेलावर चालणारें यंत्र एका जनित्राला फिरवितें, त्यांतून निघालेली वीज आंसांजवळ बसविलेल्या मोटारींना पोचते, आणि त्या मोटारी चाकें फिरवितात. रुळांवरून धांवणारें लहानसें वीजघरच म्हणा ना! या रचनेंतून एक अशी सोय निघाली कीं तिनेंच वाफेचा शेवट केला. दोन, तीन, चार इंजिनें तारांनीं एकमेकांस जोडलीं कीं पुढच्या खोलींत बसलेला एकच ड्रायव्हर त्या सर्वांना चालवूं शकतो. वाफेच्या प्रत्येक इंजिनाला मात्र स्वतंत्र ड्रायव्हर लागे आणि स्वतंत्र आगवाला लागे.

आरंभ लहान होता. न्यू यॉर्क शहरांत धुराविरुद्ध कायदा झाला, तेव्हां सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीनें १९२५ सालीं तीनशें अश्वशक्तीचें, पेटीसारखें चौकोनी, १००० क्रमांकाचें एक डिझेल इंजिन घेतलें. तें ब्राँक्स भागांतील यार्डांत डबे ढकलण्याचें काम १९५७ पर्यंत करीत होतें, आणि आज बाल्टिमोरच्या रेल्वे-संग्रहालयांत आहे. त्यानें कोणाला फारसें भिवविलें नाहीं. भीति पडली ती १९३९ सालीं. जनरल मोटर्सनें एफ-टी नांवाचें, चार भागांचें, एकूण ५,४०० अश्वशक्तीचें प्रात्यक्षिक-इंजिन बांधलें आणि अकरा महिने देशभर फिरविलें. वीस रेल्वे-कंपन्यांच्या रुळांवरून तें ८३,७६४ मैल चाललें. वाळवंट असो कीं घाट असो, खरीखुरी मालगाडी मागें जोडून "आमची परीक्षा घ्या" असें आव्हानच तें देत गेलें. त्यानंतर वाफेचें भवितव्य काय, हा प्रश्न फक्त किती वर्षें एवढाच उरला.

युद्ध संपल्यावर त्याचेच भाऊबंद एफ-३ आणि एफ-७ हजारांनीं निघाले. गोल, फुगीर नाकाचीं, अंगभर पत्र्यानें झांकलेलीं हीं इंजिनें दिसावयास देखणीं; परंतु ड्रायव्हरला मागचें कांहीं दिसत नसे, आणि यार्डांत मागें-पुढें करतांना तें फार जाचे. आल्को कंपनीनें १९४१ मध्येंच आर-एस-१ या इंजिनानें यावर तोड काढली होती: मधोमध नव्हे, किंचित् एका बाजूला सरकविलेली ड्रायव्हरची खोली, दोहों बाजूंस अरुंद पेटी, आणि पेटीच्या कडेनें चालावयास फळी. जनरल मोटर्सनें १९४९ सालीं याच घाटाचें जी-पी-७ काढलें. त्याचे रचनाकार डिक डिलवर्थ यांच्याविषयीं असें सांगतात कीं, इंजिन इतकें कुरूप व्हावें कीं मुख्य कचेरीजवळ तें उभें करण्याची कंपनीला लाज वाटावी आणि तिनें तें दूरच्या रानांत कामाला धाडावें, अशी त्यांची इच्छा होती. तें रानांत गेलें, मुख्य मार्गावरहि आलें, आणि देखण्या एफ-७ पेक्षां अधिक टिकलें.

१९६० सालीं नॉरफोक अँड वेस्टर्न या कंपनीनेंहि आपलीं शेवटचीं वाफेचीं इंजिनें विझविलीं. अमेरिकेंतील मोठ्या रेल्वे-कंपन्यांत ती शेवटची होती. ज्या गांवांचा सारा संसार कोळसा आणि पाणी भरण्यावर चालला होता, तेथें आतां गाडी थांबण्याचें कारण उरलें नाहीं. आगवाल्यांचा तंटा तर इतका विकोपाला गेला कीं १९६३ सालीं तेथील काँग्रेसला कायदा करून तो लवादाकडे सोपवावा लागला. आणि लवादानें मालगाड्यांवरील व यार्डांतील बहुतेक आगवाल्यांच्या जागा कालांतरानें बंद करण्याचा निर्णय दिला. पहिली पिढी म्हणून शौकीन ज्यांचें कौतुक करतात, त्या गोंडस इंजिनांचा हाहि इतिहास आहे.

इकडे कारखानदारांपुढें चमत्कारिक पेंच पडला. वाफ संपली, आतां डिझेल विकावयाचें कोणाला? ज्यांच्याजवळ डिझेल आहे त्यांनाच. मग त्यांना सांगावयाचें कीं तुमचीं पंधराशें अश्वशक्तीचीं जुनीं इंजिनें द्या आणि त्यांहून कमी संख्येंत आमचीं नवीं, जोरदार इंजिनें घ्या. यू-२५-बी हें अडीच हजार अश्वशक्तीचें इंजिन जनरल इलेक्ट्रिकनें याच सौद्यासाठीं बाजारांत आणलें. दुसऱ्या पिढीचा जन्म हा असा बोहारणीच्या व्यवहारांतून झाला आहे. जुनें देऊन नवें घेतांना भांडीं वितळविण्यापूर्वीं कांहीं वस्तु काढूनहि घेत. गल्फ, मोबाइल अँड ओहायो आणि सू लाइन या कंपन्यांनीं आपलीं आल्कोचीं जुनीं इंजिनें देऊन जनरल मोटर्सचीं जी-पी-३० इंजिनें घेतलीं, तेव्हां त्या आल्कोंच्या चाकांच्या बोग्याच नव्या इंजिनांखालीं बसविल्या गेल्या. प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर उभें असलेलें तें इंजिन! जाणता शौकीन आधीं खालीं पाहतो, मग वर पाहतो, तें यासाठींच.

या पिढीबदलांत घराणींच्या घराणीं बुडालीं. वाफेच्या काळीं ज्याचें नांव जगभर होतें त्या बाल्डविननें १९५६ मध्यें इंजिनें बांधणें सोडलें. पाणबुड्यांतील यंत्र रुळांवर आणणारी फेअरबँक्स-मोर्स १९६३ मध्यें या धंद्यांतून निघून गेली. म्हणजे या दोघांच्या वंशाला दुसरी पिढी लाभलीच नाहीं. आल्कोला लाभली, 'सेंचुरी' नांवाची तिची इंजिनमाला १९६३ पासून आली. परंतु १९५३ पर्यंत जी जनरल इलेक्ट्रिक आल्कोची भागीदार होती, तीच आतां प्रतिस्पर्धी झाली होती, आणि १९६९ सालीं स्केनेक्टडी येथील आल्कोच्या कारखान्याला टाळें लागलें. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीमधली रेघ ही अशी आहे. ती यंत्रांतून कमी आणि माणसांच्या नफ्या-तोट्यांतून अधिक गेली आहे.

येथपर्यंत शौकिनांचें बहुतेक एकमत आहे. पुढें भांडण सुरू होतें. १९७२ सालीं जनरल मोटर्सनें 'डॅश-टू' माला काढली. एस-डी-४०-२ हें तिच्यांतलें नामांकित इंजिन. त्यांत विजेच्या नियंत्रणाचे भाग सुट्या फळ्यांवर बसविलेले असून एक बिघडल्यास काढून दुसरा घालतां येई. कित्येक जण तेथूनच नवी पिढी धरतात. दुसरे म्हणतात, यंत्र तेंच, चेहरा तोच. नवी पिढी धरावयाची तर १९८४ पासून, जेव्हां जनरल मोटर्सच्या एस-डी-६० मध्यें आणि जनरल इलेक्ट्रिकच्या 'डॅश-एट' मालेंत चाकें घसरतात कीं नाहीं हें संगणक पाहूं लागला. माझें मत विचाराल तर, मूळची खूण सोडूं नये. एस-डी-४०-२ ला घरीं कोणीं बसविलें? १९९३ सालीं एस-डी-७०-मॅक हें प्रत्यावर्ती विजेच्या मोटारींचें इंजिन आलें. या मोटारींना कितीहि सावकाश, कितीहि वेळ पूर्ण जोर लावला तरी त्या सहसा जळत नाहींत. वायोमिंगच्या खाणींतून निघणाऱ्या कोळशाच्या गाड्यांना जेथें पांच एस-डी-४०-२ लागत, तेथें हीं तीन पुरलीं. बर्लिंग्टन नॉर्दर्ननें एकदम साडेतीनशें मागविलीं. तिसरी पिढी मी तेथून मोजतों. हें मत बहुमताचें नाहीं, हेंहि सांगून टाकतों.

पण कोठलीहि व्याख्या करा, ती मोडणारें एखादें इंजिन कोठेंतरी उभें असतेंच. जनरल मोटर्स आपल्या यंत्रांना जे आंकडे देत असे, ५६७, ६४५, ७१०, ते एकेका सिलिंडरच्या घनफळाचे, घन इंचांतले आंकडे आहेत. ५६७ चा व्यास वाढविला तो ६४५ झाला. ६४५ चा धांवेचा टप्पा एक इंच लांबविला तो ७१० झाला. पुढें दुरुस्तीच्या कारखान्यांत जुन्या ५६७ यंत्रांत ६४५ चे सिलिंडर बसवूं लागले. सांगाडा बापाचा, काळीज मुलाचें! सांता फे रेल्वेनें तर १९७० ते १९७८ या काळांत टेक्सासमधील क्लीबर्नच्या कारखान्यांत कहरच केला. तिनें गोल नाकाच्या जुन्या एफ-७ इंजिनांचा पत्रा उतरविला, आणि तो पत्र्याचा सांगाडाच भार पेलणारा असल्यानें खालीं नवा पाया घातला, वर अरुंद पेटी आणि नवी खोली चढविली. अशीं २३३ इंजिनें झालीं. त्यांना सी-एफ-७ म्हणतात. कोणत्या पिढींत घालावयाचीं? नव्या पायावर नवें घर, आणि आंत जुनेंच बिऱ्हाड. अमेरिकन शौकिनांत हा वाद अजून मिटलेला नाहीं.

आणि हीच मोजपट्टी समुद्र ओलांडून आपल्याकडे आणली म्हणजे तर गंमतच होते. आल्कोचीं शंभर इंजिनें, ज्यांना आपल्याकडे डब्ल्यू-डी-एम-१ म्हणतात, १९५७ पासून भारतांत आलीं. १९६२ सालीं आल्कोचेंच २,६०० अश्वशक्तीचें डब्ल्यू-डी-एम-२ आलें. त्यांतलें यंत्र सोळा सिलिंडरांचें, २५१ जातीचें. अमेरिकेंत 'सेंचुरी' मालेच्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या इंजिनांच्या पोटांत हेंच यंत्र होतें. काशीच्या डिझेल कारखान्यांतून १९६४ च्या आरंभीं पहिलें इंजिन बाहेर पडलें, आणि पुढें या जातीचीं अडीच हजारांहून अधिक बांधलीं गेलीं. परंतु त्यांनीं आपल्याकडे कोणाची जागा घेतली? वाफेची. चित्तरंजनचा कारखाना १९७२ पर्यंत वाफेचीं इंजिनें बांधीत होता, आणि रुंद मार्गावर तीं १९९५ पर्यंत धांवत होतीं. तेव्हां अमेरिकेच्या वहींत जें दुसऱ्या पिढीचें, तें आपल्या घरीं पहिल्या पिढीचें ठरतें. स्केनेक्टडीचें घराणें जन्मभूमींत १९६९ मध्यें बुडालें, आणि पुण्याला घोरपडीच्या शेडमध्यें त्याच्या नातवंडांचा धडधडाट त्यानंतर कित्येक दशकें ऐकूं येत राहिला.

त्या घराण्याची पुढची हकीकत सी-एफ-७ ला मागें टाकणारी आहे. आल्कोच्याच वंशांतलें, काशीस बांधलेलें, मालगाडीचें एक इंजिन डब्ल्यू-डी-जी-३-ए. २०१८ सालीं त्याच कारखान्यांत अशा दोन जुन्या इंजिनांतून तेलाचें यंत्र काढून टाकलें गेलें, वर विजेच्या तारेला लागणारा पँटोग्राफ बसविला गेला, आणि दोन्ही जोडून दहा हजार अश्वशक्तीचें विजेचें इंजिन तयार झालें. २०१९ च्या फेब्रुवारींत त्याला हिरवें निशाण दाखविण्यांत आलें. कारखान्याचें नांवहि पुढच्याच वर्षीं बदललें. त्यांतला 'डिझेल' हा शब्द गेला. तें इंजिन पाहून आलेल्या एका तरुण शौकिनानें मला आपली वही दाखविली. डिझेलच्या पानावर त्याचा जुना क्रमांक होता, त्यावर बारीक रेघ मारलेली होती. आणि विजेच्या पानावर, जेथें पिढी लिहावयाची, ती जागा त्यानें पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह काढून मोकळी ठेवली होती.