काळ्या मातीवरील घर
(मंडळाच्या नागपूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने विद्यार्थी-वसतिगृहाचा संकल्प सोडला आहे. इमारतीच्या दर्शनी कमानीविषयी येथे पुष्कळ चर्चा झाली; मी जमिनीखालच्या भागाविषयी दोन शब्द निवेदन करणार आहे.

दख्खनच्या लाव्हाजन्य खडकांची पूर्वेकडील कड नागपुराशी येऊन ठेपते. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या पाषाणाची. तो झिजून जी काळी माती झाली, तिने वऱ्हाड-नागपूरला कापूस दिला. परंतु ओल धरून ठेवण्याचा जो गुण शेतकऱ्याला वरदान, तोच घर बांधणाऱ्याला जाचक होतो. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते व पाणी गेले की आकसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीच हालचाल उथळ पायाखालीही चालू असते.

घर उभे राहिले म्हणजे मधल्या भागातील ओल उडून जाण्याची वाट बंद होते, व तेथील माती फुगलेली राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते आणि पावसाळ्यात भिजते. अशा विषम हालचालीमुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. गवंडी त्या बुजवतो, आणि पुढल्या उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडतात. दोष गवंड्याला लागतो; मूळ कारण मातीचा स्वभाव असते.

हा स्वभाव ओळखणे अवघड नाही. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका मापनळीत पाण्यात, व तितकीच दुसरीत रॉकेलमध्ये टाकून 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. म्हणून दोन्ही आकारमानांच्या फरकावरून फुगवट्याचे प्रमाण कळते.

उपायही आपल्या देशातील संशोधकांनी सिद्ध केले आहेत. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेल्या खांबांचा पाया प्रचारात आणला. कंदाचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट असतो. खोल काळ्या मातीत हे खांब निदान 3.5 मीटर नेतात, कारण त्या खोलीवर ऋतुमानाचा परिणाम फारसा पोहोचत नाही. वरील तुळईखाली सुमारे 8 सेंटिमीटर पोकळी ठेवतात, म्हणजे फुगणारी माती तिला उचलीत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घालण्याची पद्धत शोधली. कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर तिचा उपयोग झाला.

तेव्हा माझी नम्र सूचना अशी की, नकाशा कायम करण्यापूर्वी आपल्या जागेत तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन मातीची परीक्षा करवावी. मुरूम जवळच लागला, तर साध्या पायाने भागून पैसा वाचेल. माती खोल निघाली, तर कमान लहान करावी, पण पाया लहान करू नये. हा निधी विधवा भगिनींनी आणि अल्प वेतनाच्या बांधवांनी काटकसर करून दिलेला आहे. तो दरवर्षी भेगा बुजवण्यात खर्ची पडू नये, एवढीच माझी कळकळ आहे.