बाहुलीसाठी हातघाई
१९८३ च्या नाताळाआधीची अमेरिका. कोलेको कंपनीच्या ‘कॅबेज पॅच’ बाहुल्यांसाठी आईबाप दुकानांत अक्षरशः हातघाईवर आले होते. फुगरे गाल, लोकरीचे केस. रूपानं म्हणाल तर बेताचीच. पण प्रत्येक बाहुली वेगळी, तिला स्वतःचं नाव, वर दत्तकपत्र! पोरं हरखली नसती तरच नवल. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीत दुकानाच्या व्यवस्थापकानं स्वतःच्या बचावासाठी बेसबॉलची बॅट उचलली. रेटारेटीत एका बाईचा पाय मोडला. जाहिराती जोरात आणि माल अपुरा, मग दुसरं काय होणार? तेव्हा २५-३० डॉलरची बाहुली परस्पर कैक पटींनी विकली जाई. १९९६ मध्ये खिदळणाऱ्या ‘एल्मो’ या खेळण्यापायी पुन्हा तोच तमाशा. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनमध्ये तर दुकानातला कर्मचारीच गर्दीच्या पायांखाली येऊन जखमी झाला.