दारातला कडुनिंब कसा जगवावा



भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. नदीकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली, त्यांच्यासंगं दारातली नि पारावरची झाडंही गेली. लोकांनी नव्या जागी घरं बांधली. पण घर वर्षात उभं राहतं, सावलीला मात्र कैक वर्षं लागतात. म्हणून आज दारच्या कडुनिंबाविषयी बोलू.

आपल्या भिगवण भागात पाऊस कमी आणि ऊन कडक. कडुनिंब दोन्ही सोसतो. मुळाशी साठलेलं पाणी मात्र त्याला चालत नाही. धरणाच्या फुगवट्यालगत किंवा कालव्याखाली पाणथळ, खारवट जागा असेल, तर तिथं करंज लावा.

रोप घरीच करा. जून-जुलैत पिकून पिवळ्या झालेल्या निंबोळ्या वेचा. गर पाण्यात चोळून काढा, बी सावलीत सुकवा आणि दोन आठवड्यांच्या आत पिशव्यांत लावा. या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. पुढच्या सालासाठी बी ठेवाल तर फसाल, बरं का!

वर्षाचं झालेलं रोप पुढच्या पावसाळ्यात जागेवर लावावं. त्यासाठी २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा मे महिन्यातच काढून तापू द्यावा. भरताना मातीत कुजलेलं शेणखत मिसळावं. भारी काळी जमीन असल्यास थोडा मुरूमही घालावा. भिंतीपासून १५ ते २० फूट अंतर सोडावं. विजेच्या तारेखाली लावू नये. घराच्या पश्चिमेला लावलं, तर तिसऱ्या प्रहरचं ऊन अडतं.

रोपं दगावतात ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात. पाऊस सरला की आपण त्यांना विसरतो. यावर सोपी युक्ती आहे. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घाला, मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा आणि आठवड्यातून दोनदा भरा. आळ्यात उसाचं पाचट पसरा. शेळ्या कोवळा पाला सोडत नाहीत, तेव्हा बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच.

झाड फळाला आलं की औषधही घरचंच. वाळलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून घ्या, एकूण १०० लिटर पाणी करा. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांवर ही फवारणी चालते. अर्क त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर वापरा.

तेव्हा मंडळी, दोन उन्हाळे तेवढं झाड सांभाळा. पुढं पाडव्याचा पाला आणि दुपारची सावली दारातच मिळेल.