नाताळचे आठ दिवस आणि घरातले दोन कागद

(संशोधक विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२५ डिसेंबर म्हटलं की आपल्याला महाड आठवतं. १९२७ सालचं मनुस्मृती दहन. मग आठवड्याने १ जानेवारी, भीमा कोरेगाव. याच आठ दिवसांत आपल्याच वस्तीत, पुष्कळदा आपल्याच भावकीत, आणखी एक सण चालू असतो. तो नाताळ. अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधली अँग्लिकन परंपरेची चर्चेस आणि त्यांचा नाताळ, यावर आज मी बोलणार आहे. मी बौद्ध घरातली. माझा विषय समाजशास्त्र. त्यामुळे येशूबद्दल मी काही सांगणार नाही, माणसांबद्दल सांगेन.

मराठी वाचकाला ख्रिस्ती माणूस म्हटल्यावर कोण आठवतं? नारायण वामन टिळक, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. तिघंही ब्राह्मण घरांतले. नाहीतर मग वसई आणि गोव्याचे कॅथलिक. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्याच्या कितीतरी आधीपासून नगरच्या खेड्यांत महार कुटुंबं ख्रिस्ती होत होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला होतं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची एस.पी.जी. ही संस्था १८७० च्या दशकात आली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, आणि 'पोटासाठी बाटले' हे शब्द कायमचे चिकटले. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या शिळ्या तुकड्यांवर येसकरी करून घेतली, त्या गावाने हे म्हणावं! असो.

अँग्लिकन चर्चमध्ये पॅरिश नावाची एक गोष्ट असते. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे गावाची हद्दच. त्या हद्दीतला जमीनदार आणि त्याचा शेतमजूर दोघंही एकाच चर्चचे. बसायच्या जागा मात्र प्रतिष्ठेप्रमाणे. चांगल्या बाकांना भाडं असायचं, गरीब मागे. पण चर्च गावाचं. आपल्याकडे ही व्यवस्था आली आणि उलटी झाली. चर्च उभं राहिलं महारवाड्यात किंवा त्याच्या कडेला. पाटलाच्या वाड्यातलं कुणी तिथे सभासद नव्हतं. गावकुसाबाहेरच्या माणसांचं पॅरिश! १९७० साली नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही चर्चेस एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पाट्या बदलल्या. चर्चची जागा तीच राहिली.

आता नाताळ. आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. तेव्हापासून तरुण मंडळींची जुळवाजुळव सुरू होते. रात्री गाणाऱ्यांचा जथा निघतो. ढोलकी, टाळ, कुठे हार्मोनियम. गाणी 'उपासना संगीत'मधली, इंग्रजी चालींची, आणि अभंग-भजनाच्या वळणाचीही. जथा फक्त ख्रिस्ती घरांपुढे थांबत नाही. बौद्ध घरांपुढेही थांबतो, कारण तिथे चुलता असतो, आत्या असते. चहा होतो, डब्यात पैसे पडतात. केक शहरातून येतो, करंज्या-चकल्या घरी होतात. पुण्या-मुंबईला, पिंपरीला गेलेली पोरं परत येतात. गेल्या नाताळापासून कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, चर्चच्या पत्र्याला किती खर्च येईल, दफनभूमीवर कोण अतिक्रमण करतंय, सगळं याच आठ दिवसांत बोललं जातं. वस्तीची वार्षिक सभाच म्हणा.

पण सगळे नसतात. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. ज्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली आहे त्यांचा नाताळ फडावर, कोपीत. मी पाहिलेल्या एका मंडळीत पाळक नाताळच्या प्रार्थनेत फडावर गेलेल्या कुटुंबांची नावं एकेक करून घेत होते. ती यादी लांबत गेली तेव्हा चर्च अर्धं रिकामं का आहे ते कळलं.

नाताळच्या उपासनेत प्रभुभोजन असतं. अँग्लिकन रीतीप्रमाणे सगळ्यांसाठी एकच प्याला. म्हातारी आजी, तिच्यामागे मुंबईहून आलेला तिचा बँकेतला नातू, त्याच्यामागे ट्रॅक्टर चालवणारा. तोच प्याला, तेच ओठ लावणं. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी ज्यांच्यावर काठ्या चालल्या, त्यांच्याच जातीची माणसं त्या काळात नगरच्या खेड्यांत एका प्याल्याला तोंड लावत होती. ही लहान गोष्ट नाही. मात्र प्याला एक झाला तरी सोयरीक एक झालेली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात लग्न विचारलं तर घरातलं वातावरण लगेच बदलतं. चर्चच्या कमिटीवर कुणाच्या घरातले लोक किती वर्षं आहेत, हेही एकदा मोजून पाहावं.

हे फक्त नगरचं नाही. तेलंगणात डोर्नकल नावाचं गाव आहे. व्ही. एस. अझारिया २९ डिसेंबर १९१२ ला तिथले बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांच्या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य माला आणि मादिगा. घरोघरी बायका भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आणि त्यावर गावचं चर्च चाले. तिथलं कॅथेड्रल १९३९ साली ६ जानेवारीला, म्हणजे नाताळचा काळ जिथे संपतो त्या सणाला, समर्पित झालं. मंदिर, मशीद आणि चर्च या तिन्हींच्या खुणा त्याच्या बांधकामात आहेत. आणि माला-मादिगा हा भेद त्या चर्चमध्येही मिटला नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना हेच दुखणं दाखवलं होतं: चर्चने जात मोडली नाही, आणि हा समाज राजकारणात आवाज करत नाही. पहिला आरोप मला आजही खरा वाटतो. दुसऱ्याबद्दल मात्र १९५० नंतर काय झालं ते पाहायला हवं.

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती ठरवल्या. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतर धर्मीयांना बाहेर ठेवलं. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढा असं सांगितलं. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. पण ॲट्रॉसिटीचा कायदा त्यांना लागू होत नाही. शिवी मात्र जुनीच मिळते.

म्हणून अनेक घरांत दोन कागद असतात. एक चर्चच्या नोंदवहीतला. इंग्लंडमध्ये १८१२ च्या कायद्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीचा छापील नमुना ठरला: मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. त्यात जातीचा रकाना नव्हता. दुसरा कागद शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर कधीतरी मास्तरांनी लिहिलेलं असतं, हिंदू महार. पोरगी शिकते ती या दुसऱ्या कागदावर. मग जात पडताळणी येते, दक्षता पथक घरी येतं, आणि भिंतीवरचा क्रूस आतल्या खोलीत जातो.

या भीतीला आधार आहे. दवाखान्यात क्रूस लावला आणि कुटुंबाबरोबर चर्चला गेल्या म्हणून एका डॉक्टरबाईंचा दाखला रद्द झाला होता. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने तो परत दिला. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहानपणीचा बाप्तिस्मा आणि चर्चला नियमित जाणं लक्षात घेऊन दाखला नाकारला. २०२५ साली आंध्र उच्च न्यायालयाने एका पाळकाची ॲट्रॉसिटीची तक्रार टिकू दिली नाही, कारण तो ख्रिस्ती. आता सांगा, नाताळच्या रात्री चर्चमध्ये बसणं हा कुणाच्या विरोधातला पुरावा आहे?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या एका मुलीने मला सांगितलं होतं, ताई, गाण्याचा व्हिडिओ काढा, पण माझा चेहरा नको. ती जथ्यात सगळ्यात पुढे गात होती. तिच्या वस्तीतला तिच्याइतकं शिकलेला दुसरा कुणी नाही. कमिटीवर जाऊन दफनभूमीचा प्रश्न तहसीलदारापुढे मांडायचा तर तिनेच मांडायला हवा. आणि नेमकं तिलाच कागदावर दिसायचं नाही. हा समाज गप्प का, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, मग बौद्ध व्हा, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. धम्म ही सवलतीची खिडकी नाही, आणि कुणी कशावर श्रद्धा ठेवावी हे दाखल्याने ठरत असेल तर ते शासनाने केलेलं धर्मांतर झालं. 'पोटासाठी बाटले' म्हणणाऱ्यांचंच वाक्य आपण उलट्या बाजूने बोलतो आहोत.

तुमच्यापैकी काहीजण या विषयावर काम करणार आहात, म्हणून शेवटी कामाचं बोलते. गावोगावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागते आहे. आपल्या पणज्यांची नावं महसुली कागदांत मिळणं कठीण, तिथे ती मिळतात, बायकांची सुद्धा. त्यांचे फोटो घ्यायला हवेत. मंडळीची परवानगी घेऊन घ्या. पण अलीकडच्या, जिवंत माणसांच्या नोंदी असलेली पानं उघडू नका, आणि गावाचं नाव प्रबंधात घालू नका. मीही आज घेतलेलं नाही.