झाशीचा एक हंगाम

झाशी हे नाव कानी पडले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि घोड्यावर स्वार झालेली राणी उभी राहते. नोकरीच्या निमित्ताने मी या गावी आलो, तेव्हा पहिल्याच सुट्टीत किल्ला पाहून घेतला. परंतु त्याच गावातल्या एका टेकडीवर हातात हॉकीची काठी घेतलेला आणखी एक पुतळा आहे. आज मी आपल्याला त्या पुतळ्याच्या धन्याची, मेजर ध्यानचंदांची, एक लहानशी गोष्ट सांगणार आहे.

१९२८ साली ॲम्स्टरडॅम, १९३२ साली लॉस एंजेलिस आणि १९३६ साली बर्लिन अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत ध्यानचंदांनी भारतासाठी सुवर्णपदक मिळवले. लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेवर चोवीस गोल चढवले, त्यांतले अठरा ध्यानचंद आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग या दोघांचे होते. अशा खेळाडूला आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता वाटावा? ॲम्स्टरडॅमचा? बर्लिनचा? त्यांचे उत्तर वेगळेच होते. १९३३ साली कलकत्त्यात बेटन चषकासाठी ‘झाशी हीरोज’ आणि ‘कलकत्ता कस्टम्स’ यांच्यात झालेला अंतिम सामना, असे ते सांगत.

बेटन चषकाची स्पर्धा १८९५ पासूनची. देशातील उत्तमोत्तम संघ तेथे येत. कस्टम्सचा संघ कसलेला, शिवाय मैदान त्यांच्या घरचे. उलट झाशी हीरोज म्हणजे गावातल्या हौशी पोरांचा संघ. ध्यानचंदांच्या सोबतीला नावाजलेले असे दोघेच होते. एक रूपसिंग आणि दुसरा मुंबईच्या जी. आय. पी. रेल्वेकडून खेळणारा इस्माईल. ज्या रेल्वेने मुंबई आणि झाशी जोडली, तिनेच हा गडीही पुरवला म्हणावयाचे! बाकीची मुले नवखी होती. जिंकू किंवा मरू, एवढा निर्धार तेवढा त्यांच्यापाशी होता.

सामन्यात कस्टम्सचा जोर होता. झाशीचा गोल आता होतो की मग होतो, अशी अवस्था आली. इतक्यात ध्यानचंदांना चेंडू मिळाला आणि मैदानाच्या मध्यावरून त्यांनी इस्माईलकडे एक लांब पास दिला. इस्माईल अर्धे मैदान वाऱ्यासारखा धावला. कस्टम्सचा बचावपटू आणि गोलरक्षक यांची क्षणभर गफलत झाली, तेवढ्या फटीतून त्याने चेंडू आत घातला. सामन्यातला तो एकच गोल. चषक झाशीला आला.

श्रोतेहो, या हकिकतीतली एक गोष्ट सहज नजरेआड होण्याजोगी आहे. गोलांसाठी जगभर ज्याचे नाव झाले, त्याने आपला सर्वोत्तम म्हणून जो सामना निवडला, त्यात त्याचा स्वतःचा एकही गोल नव्हता. देशाच्या संघात निवडक अकरा जण असतात, प्रत्येक जण आपल्या जागी समर्थ. गावच्या संघात जो येईल त्याला घेऊन खेळावे लागते. त्यांच्या उणिवा सांभाळून, त्यांच्यातले बळ ओळखून, नेमक्या क्षणी चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो. या कसोटीला उतरल्याचा आनंद ध्यानचंदांना पदकांहून मोठा वाटला असावा, असे मला वाटते.

आम्ही बदलीची माणसे. गावे बदलतात, खुर्च्या बदलतात आणि कोणतेच गाव आपले होत नाही अशी कुरकुर आम्ही करीत राहतो. ध्यानचंदांचा जन्मही झाशीचा नव्हे. ते जन्मले प्रयागला. वडील समेश्वरसिंग लष्करात, त्यामुळे कुटुंब गावोगाव फिरले आणि घरापुरती जमीन मिळाली तेव्हा झाशीला स्थिरावले. राणी लक्ष्मीबाईदेखील माहेरची झाशीकर नव्हतीच. गाव आपले होते ते जन्माने नव्हे, तर त्याच्यासाठी काही मोबदल्याविना केल्याने होते.

३ डिसेंबर १९७९ रोजी ध्यानचंद दिल्लीत निवर्तले. त्यांचा देह झाशीला आणला गेला आणि अंत्यसंस्कार झाले ते झाशी हीरोजच्या मैदानावर. ज्या मैदानाचा चषक त्यांनी कलकत्त्याहून आणला होता, त्याच मैदानाने त्यांना अखेरचे आपल्या कुशीत घेतले.