मॅडमची वही आणि आमची गाडगी

आज गाडग्यांबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात आमच्या फजितीपासूनच करतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटानं दह्याच्या दोनशे गाडग्यांची ऑर्डर घेतली. गटातल्या दोघी कुंभाराच्या घरच्या. चाक घरात, आवा परड्यात, मग अवघड ते काय? बचतीतून सहा हजार उचलले, लाकूड आणि शेण्या घेतल्या. आवा उघडला तेव्हा गाडगी लालबुंद निघाली, टिचकी मारली की खणखण वाजायची. आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन आला, की गाडग्यांचे टवके उडतायत. सगळा माल परत आला. जागोजाग खळगे, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं, त्या दोघींनी घाई केली. गटात धुसफूस सुरू झाली, ती सहा हजारांपेक्षा महाग पडली असती.

तेव्हा कुणीतरी मॅडमचं नाव काढलं. मॅडम म्हणजे पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होत्या. निवृत्त झाल्यावर आईच्या गावी येऊन राहिल्या आणि पडवीत विजेचं चाक बसवलं. साठीची बाई दिवसभर चिखलात हात घालून बसते, म्हणून गाव हसायचं. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो होतो.

त्यांनी गाडगं हातात घेतलं, ठिपका नखानं खरवडला आणि विचारलं, "पानाला लावायच्या चुन्याची कळी तुम्ही कधी भिजवलीय?" भिजवली होती की! पाणी पडलं की फसफसते, गरम होते, फुगते. मॅडम म्हणाल्या, तेच झालंय. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. आव्यात आठ-नऊशे अंशांच्या आसपास त्यांचा कळीचा चुना होतो. गाडगं बाहेर आलं की तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरचा टवका उडवतो. म्हणून पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दृष्ट नाही आणि कुणाची घाईही नाही. हे ऐकून त्या दोघींपैकी एक तिथंच रडली.

मग त्यांनी वही उघडली. प्रत्येक भट्टीला एक पान. माती कुठली, वाळू किती मिसळली, कच्च्या मातीवर आखलेली दहा सेंटिमीटरची रेघ वाळल्यावर आणि भाजल्यावर किती उरली. काळी माती फुगते आणि वाळताना फार आकसते, म्हणून नुसत्या तिचं भांडं तडकतं. वहीत चांगल्या भांड्यांपेक्षा फुटक्या भांड्यांबद्दल जास्त लिहिलेलं. भिंतीवर खडूनं 573 हा आकडा. त्या अंशाला मातीतल्या वाळूचे कण एकदम फुगतात आणि निवताना तसेच एकदम आकसतात, म्हणून तिथं विस्तव घाईनं वाढवायचा नाही आणि आवाही घाईनं उघडायचा नाही.

पण सगळं त्यांनाच येत होतं असं नाही. माती मळायला त्या आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंकडून शिकल्या. भांडं पुरतं वाळलं का, हे सासूबाई ते गालाला लावून सांगतात. गार लागलं तर आत अजून ओल आहे, आव्यात वाफ होऊन फुटेल. मॅडमनी तेही वहीत लिहून घेतलं. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं-पक्कं ओळखल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेर आपल्याच जिल्ह्यातलं. मॅडम म्हणाल्या, आवाजाची परीक्षा खरी, पण आमच्या गाडग्यांतला चुना आवाजात कळला नसता.

एका गोष्टीवर आमचं त्यांच्याशी पटत नाही, तेही सांगतो. त्या म्हणतात, फुटू द्या, फुटल्यानंच कळतं. त्यांचं भांडं फुटलं तरी पेन्शन येते. आमचं फुटलं की हप्ता चुकतो. हे आम्ही तोंडावर बोललो. त्या जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बरोबर आहे. मग पाचच फोडा, दोनशे नको." तेव्हापासून नवी माती आणली की आधी पाच गाडगी भाजतो, पंधरा दिवस उघड्यावर ठेवतो, मगच ऑर्डर घेतो. माती पाण्यात कालवून पातळ करतो आणि सुती कापडातून गाळतो. वेळ लागतो, दंड दुखतात, पण टवके उडायचे थांबले. सहा हजारांपैकी चार हजार बचतीत परत गेलेत, दोन राहिलेत.

आणखी एक. बाजारात चकचकीत झिलईची पावडर स्वस्तात मिळते, ती आम्ही आणणार होतो. मॅडमनी अडवलं. काही झिलयांत शिसं असतं, पूर्वी त्यासाठी शेंदूरही वापरत. दही, चिंच, लोणचं यांच्या आंबटपणानं ते शिसं अन्नात उतरतं आणि लेकरांच्या मेंदूला बाधतं. झिलईत काय आहे ते माहीत नसेल, तर खायच्या भांड्याला ती लावू नका. आमची गाडगी साधीच आहेत.

त्या दोघींच्या घरी बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी रीत होती. चाकावर सासरेच बसायचे. मॅडमच्या पडवीत दोघी चाकावर बसायला लागल्या, तेव्हा सासरे महिनाभर बोलले नाहीत. आता येतात, लांबूनच बघतात आणि "काठ जाड झालाय" एवढं म्हणून जातात.

येत्या बुधवारी आवा लावणार आहोत. ज्या गटांना यायचं असेल त्यांनी आपापल्या तळ्याकाठची मूठभर वाळलेली माती आणि एक लिंबू घेऊन या. रस टाकल्यावर बुडबुडे आले, तर तिथली माती गाळल्याशिवाय वापरायची नाही.